समुद्र दिसणारं घर

मुंबईत नव्या टॉवरमध्ये घर बघायला गेलात तर किमतीच्या कागदावर एक ओळ हमखास दिसते : 'फ्लोअर राइज'. ठरावीक मजल्यानंतर तुम्ही जसजसं वर जाल, तसतसा चौरस फुटामागचा दर वाढत जातो. त्याच्याखाली बहुधा आणखी एक ओळ असते, 'पीएलसी'. बाग, तलाव किंवा समुद्र दिसणाऱ्या बाजूला घर हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. सिमेंट तेच, लिफ्ट तीच, नळाला येणारं पाणी तेच. दोन घरांत फरक एवढाच, की एकाच्या खिडकीतून शेजारचा टॉवर दिसतो आणि दुसऱ्याच्या खिडकीतून अरबी समुद्र.

या ओळीचं मला फार कुतूहल आहे. बिल्डरने समुद्र बांधलेला नाही. भरती-ओहोटीचा मेन्टेनन्स तो करत नाही. सूर्यास्तासाठी त्याने कुठला कंत्राटदार नेमलेला नाही. मग तो नेमकं विकतो काय? आणि जे विकतो, ते त्याचं होतं का?

प्रश्न पोरकट वाटेल. मागणी आहे, किंमत आहे, घेणारा तयार आहे, विषय संपला, असं म्हणता येतं. पण मी ज्या वरळीबद्दल बोलते आहे, तिथे हा विषय असा संपत नाही. तिथे तो माझ्या आजोळच्या खिडकीपर्यंत आला आहे.

* * *

वरळी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सी-फेस आठवतो आणि सी-लिंक आठवते. पण वरळी म्हणजे एकच गाव नाही. टोकाला किल्ला आणि कोळीवाडा. पश्चिमेला सी-फेसच्या जुन्या श्रीमंत इमारती. आतल्या बाजूला गिरण्या, आणि गिरण्यांच्या आधाराने जगणाऱ्या चाळी. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर मध्य मुंबईतल्या गिरण्या एकामागून एक थंड पडत गेल्या. मागे उरली सुमारे ६०० एकर जमीन.

१९९१ च्या विकास नियमावलीत या जमिनीसाठी एक साधी वाटणी ठरली होती. ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीच्या इमारती जिथे उभ्या होत्या ती जमीन हिशोबातून बाहेर गेली. मुंबई उच्च न्यायालयाने बदलाच्या विरोधात निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांची बाजू उचलून धरली. आज वरळी-लोअर परळमध्ये मान वर करून जे बघावं लागतं, त्यातलं बरंचसं या एका दुरुस्तीतून उगवलेलं आहे.

माझं आजोळ इथल्याच बीडीडी चाळीतलं. आजोबा साताऱ्याकडून येऊन गिरणीत लागले. आजी खोलीत खानावळ चालवायची, बारा-पंधरा माणसांची. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० मध्ये हे खातं निघालं. त्याच्याकडे दोन मोठी कामं होती : बॅक बेमध्ये समुद्र हटवून जमीन तयार करायची आणि कामगारांसाठी चाळी बांधायच्या. भरावाची योजना खर्चाच्या गोंधळात फसली आणि अर्धवट राहिली. पण जेवढा भराव झाला, त्यातल्या काही भागावर पुढे मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या. म्हणजे एकाच सरकारी खात्याने एका हाताने समुद्राकडे तोंड केलेल्या घरांसाठी जागा तयार केली आणि दुसऱ्या हाताने काँक्रीटच्या चाळी बांधल्या. या शहरात समुद्र कोणाला दिसावा हे कधीच फक्त नशिबावर सोडलेलं नव्हतं.

शंभर वर्षांनी त्या चाळींची पाळी आली. वरळीत १२१ इमारती होत्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७. म्हाडाने पुनर्विकास हाती घेतला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, तेही मोफत. मामाला सोडतीत बराच वरचा मजला आला.

आजी साठ वर्षं समुद्रापासून पायी वीस मिनिटांवर राहिली. गणपती विसर्जनाला आणि गावाकडून पाहुणे आले की, एवढाच तिचा समुद्राशी संबंध. नव्या घराच्या हॉलमध्ये उभी राहून तिने दोन टॉवरच्या फटीतून चमकणारी पट्टी पाहिली आणि म्हणाली, "अगं बया, एवढं जवळ व्हतं व्हय पाणी?"

ती पट्टी तिथे किती दिवस राहील, हे कोणालाच सांगता येत नाही. कारण याच जमिनीवर विक्रीसाठीचे टॉवरही उभे राहायचे आहेत.

* * *

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

इंग्लंडमध्ये १६१० साली विल्यम ऑल्ड्रेड नावाच्या माणसाचा खटला चालला. शेजाऱ्याने घराला लागून डुकरांचा गोठा बांधला म्हणून तो कोर्टात गेला होता. दुर्गंधीबद्दल त्याला न्याय मिळाला. पण त्या निमित्ताने एक तत्त्व पक्कं झालं : हवा आणि उजेड अडवला तर तक्रार करता येईल, कारण त्या गरजा आहेत, दृश्य अडवलं तर तक्रार नाही, कारण दृश्य हा नुसता आनंद आहे.

गरज आणि आनंद अशी ही रेघ चारशे वर्षं टिकली आहे. आपल्याकडचा १८८२ चा सुविधाधिकार कायदाही त्याच घराण्यातला. वीस वर्षं तुमच्या खिडकीतून निर्वेध उजेड आणि हवा येत असेल तर तुमचा त्यावर हक्क तयार होऊ शकतो. समुद्र वीस वर्षं दिसत असेल तरी तसा हक्क तयार होत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चाळिसाव्या मजल्यावर कोट्यवधी रुपये जास्त मोजून समुद्र घेणाऱ्या माणसाने कायद्याच्या भाषेत काहीच घेतलेलं नाही. त्याने घेतली आहे एक शक्यता : समोर कोणी उंच बांधणार नाही, ही. त्याच्या खिडकीपासून क्षितिजापर्यंत जी सरळ रेघ जाते, ती इतरांच्या डोक्यावरून, इतरांच्या छपरांवरून, सार्वजनिक रस्त्यावरून जाते. ती रेघ मोकळी राहायची असेल तर मधल्या सगळ्यांनी बुटकं राहायला हवं.

आणि समुद्राच्या सर्वांत जवळच्या रांगेत तर ही शक्यता जवळपास खात्री होते. कशामुळे? तर समोर समुद्र आहे आणि समुद्रावर उठसूट कोणाला बांधता येत नाही. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. रोमन कायद्यात जस्टिनियनच्या काळापासून हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि किनारा या सर्वांच्या सामायिक गोष्टी मानल्या गेल्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ च्या डिसेंबरमध्ये, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या बियास नदीकाठच्या खटल्यात, हेच तत्त्व भारतात लागू केलं : अशा गोष्टींचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे.

म्हणजे गंमत अशी होते की समुद्र सगळ्यांचा आहे म्हणून तो रिकामा राहतो, रिकामा राहतो म्हणून तो दिसतो, आणि दिसतो म्हणून त्याचे पैसे एका बिल्डरला मिळतात. सार्वजनिक मालकीवर खाजगी किंमत उगवते. हे मला खटकतं.

* * *

हे सगळं मी मामीला ऐकवलं होतं, जरा आवेशातच. ती कुकर लावत होती. म्हणाली, "तुझं बरं आहे गं. तुमच्या घरात पहिल्यापासून संडास होता."

मग तिने जे सांगितलं ते कुठल्याही धोरणाच्या कागदापेक्षा स्पष्ट होतं. विक्रीचे टॉवर झाले नाहीत तर आमचं घर कोण बांधणार? त्यांना समुद्र विकला म्हणून आम्हाला घरात संडास मिळाला. पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहणं सुटलं. पोरीला रात्री एकटीला मजल्याच्या टोकाला पाठवणं सुटलं. तुझ्या समुद्राचं तू बघ.

या युक्तिवादाला चटकन उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही. मुंबईतल्या बहुतेक पुनर्विकासाचं गणित हेच आहे. वरच्यांना महाग विकायचं, त्यातून खालच्यांना फुकट द्यायचं. झोपडपट्टी पुनर्वसनापासून जुन्या चाळींपर्यंत हेच तत्त्व. सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घरं बांधली असती तर प्रश्नच नव्हता. ती पुरेशी बांधली गेली नाहीत. मग श्रीमंताचा आनंद विकून गरिबाची गरज भागवली, यात वाईट काय?

खूप विचार केल्यावर मला वाटतं, सौदा वाईट नाही, पण त्यात दोन गोष्टी हिशोबात धरलेल्या नाहीत.

पहिली : विकला गेलेला समुद्र बिल्डरचा नव्हता तसा मामीचाही नव्हता. तो रस्त्याने चालणाऱ्या माणसाचाही होता. डब्बा पोचवून परत जाणाऱ्या माणसाचा, बस स्टॉपवर उभ्या असलेल्या नर्सचा, ज्यांना या व्यवहारात ना घर मिळालं ना पैसे. पुनर्विकासाच्या करारावर बिल्डर, रहिवासी आणि सरकार अशा तिघांच्या सह्या असतात. चौथा माणूस फुटपाथवर असतो.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. या गणितात आनंद श्रीमंतांचा आणि गरज गरिबांची, अशी वाटणी आधीच होऊन गेलेली असते. मोफत घराचा विचार करताना चौरस फूट मोजले जातात, पाण्याची जोडणी मोजली जाते, उजेड आणि हवा मोजली जाते. ते योग्यच आहे. पण पुनर्वसनाच्या इमारती प्लॉटच्या कुठल्या बाजूला आणि विक्रीच्या कुठल्या बाजूला, हे ठरवताना आनंद कुठे जाणार हेही ठरतं, आणि ते कोणी मोठ्याने बोलत नाही. गरिबाला 'गरजेपुरतं' मिळालं की त्याने समाधानी असावं, हे गृहीत इतकं मुरलेलं आहे की मामीने स्वतःच ते मान्य करून टाकलं आहे. आजीने मात्र ते मान्य केलेलं नाही. ती रोज संध्याकाळी खुर्ची त्या फटीसमोर ओढते. तिला विचारलं की ही गरज आहे की आनंद, तर ती म्हणेल, चहा आण.

* * *

मग काय, सगळ्यांना तिसावा मजला द्यायचा?

ते शक्य नाही, आणि का शक्य नाही हे फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये 'सोशल लिमिट्स टू ग्रोथ' या पुस्तकात मांडलं आहे. काही गोष्टींचं मूल्य इतरांकडे त्या नाहीत यावरच अवलंबून असतं. त्याने त्यांना स्थानाधिष्ठित वस्तू म्हटलं. समजा, गर्दीत एक माणूस टाचा उंचावून उभा राहिला तर त्याला जास्त दिसतं. सगळेच टाचा उंचावून उभे राहिले तर कोणालाच जास्त दिसत नाही आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. लोअर परळमध्ये नेमकं हेच चालू आहे. दहा वर्षांपूर्वी समुद्र दिसतो म्हणून घेतलेल्या घरांसमोर आता दुसऱ्यांचे समुद्र दिसणारे बेडरूम आहेत.

पण समुद्र बघण्याची एक दुसरी पद्धत आहे, जिच्यात असं होत नाही. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा. तुमच्या डाव्या हाताला कॉलेजातलं जोडपं असेल, उजव्या हाताला दिवसभर उन्हात फिरून दमलेला डिलिव्हरी बॉय असेल. तिघांनाही तोच समुद्र दिसतो आणि एकाने बघितल्यामुळे दुसऱ्याचा कमी होत नाही. शेकडो माणसं रांगेने बसली तरी पुरतो. उंचीवरून बघितलेला समुद्र वाटून घेता येत नाही. काठावरून बघितलेला वाटून घ्यावा लागतच नाही.

माझ्या मते नैतिक प्रश्नाची खरी जागा इथे आहे. टॉवर किती उंच, याचं मला फारसं वाईट वाटत नाही. जमिनीवरून काय दिसतं, काठापर्यंत पायी जाता येतं का, तिथे फुकट बसता येतं का, यावर माझा निवाडा ठरतो. सी-लिंकवर पायी जाता येत नाही, दुचाकीलाही बंदी आहे. कोस्टल रोडवरही दुचाकी चालत नाही. म्हणजे या शहरातले सर्वांत सुंदर काही किलोमीटर बघण्यासाठी चारचाकी लागते. पण त्याच कोस्टल रोडलगतचा विहारपथ ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांसाठी खुला झाला, आणि रस्त्याखालच्या भुयारी मार्गाने तिथे चालत जाता येतं. एकाच प्रकल्पात दोन्ही उत्तरं आहेत. कुठल्या उत्तराची देखभाल जास्त होते, यावर पुढच्या वीस वर्षांतलं शहर ठरेल.

* * *

बाहेरची दोन उदाहरणं मला सारखी आठवतात.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर बँकसाइड नावाचा भाग आहे. एकेकाळी गोदामं आणि वीजनिर्मिती केंद्र असलेला. त्या केंद्राचं टेट मॉडर्न हे कलादालन झालं आणि शेजारी निओ बँकसाइड नावाचे काचेच्या भिंतींचे महागडे टॉवर उभे राहिले. २०१६ मध्ये टेटने आपल्या नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर लोकांसाठी शहर बघायची गच्ची खुली केली. लोक तिथून लंडन बघायचे आणि समोरच्या काचेतून लोकांचे दिवाणखानेही बघायचे, फोटो काढायचे, ते इंटरनेटवर टाकायचे. रहिवासी कोर्टात गेले. खालच्या दोन कोर्टांत ते हरले. पहिल्या कोर्टाने तर पडदे लावण्याचाही पर्याय सुचवला होता. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला.

मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. आपल्या घरात प्राणिसंग्रहालयातल्यासारखं राहायला कोणाला आवडेल? पण त्या खटल्यात काचेच्या टॉवरचं मूळ दुखणं उघडं पडतं. त्याला सगळं बघायचं असतं, आणि कोणी बघितलेलं नको असतं. मामाच्या चाळीत उलट होतं. व्हरांड्यातून प्रत्येकजण प्रत्येकाच्या खोलीत बघायचा. ते सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही, माझ्या आईला विचारा. पण तिथे बघणं आणि दिसणं यांचा हिशोब सारखा होता.

दुसरं उदाहरण जपानचं. टोकियोजवळ कुनिताची गावात एक रस्ता आहे, त्याच्या नावाचाच अर्थ 'फुजी दिसणारा रस्ता'. तिथे दहा मजल्यांची, १८ घरांची नवी इमारत बांधून जवळपास पूर्ण झाली होती. रस्त्यावरून फुजी पर्वत झाकला जातो अशी रहिवाशांची तक्रार होती. जून २०२४ मध्ये, ताबा द्यायला महिनाभर उरलेला असताना, बांधणाऱ्या कंपनीने ती इमारत पाडायचं जाहीर केलं.

तयार इमारत पाडणं हे मला आदर्श वाटत नाही. तेवढं सिमेंट, तेवढे कष्ट मातीत. पण त्या बातमीत एक गोष्ट मोलाची आहे. रस्त्यावरून दिसणारा डोंगर हे काहीतरी आहे, आणि ते गेलं तर काहीतरी जातं, असं लोकांना वाटू शकतं आणि एका कंपनीला ते ऐकावं लागू शकतं. आपल्याकडे चाललेल्या चर्चेत हे वाक्यच नाही. आपल्याकडे समुद्र 'दिसतो' फक्त जाहिरातीत.

* * *

एक गोष्ट राहिली. इथवर मी समुद्र बघण्याबद्दलच बोलले, जणू समुद्र बघण्यासाठीच असतो. वरळी कोळीवाड्यातला माणूस यावर हसेल. त्याच्यासाठी समुद्र म्हणजे जायची जागा. कोस्टल रोड सी-लिंकला जोडताना पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. होड्या त्यातून सुरक्षित जाणार नाहीत म्हणून कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी काम अडवलं, २०० मीटरची मागणी केली, बराच काळ भांडले. शेवटी अंतर १२० मीटर झालं.

वरच्या मजल्यावरून तो पूल फार देखणा दिसतो. खालून जाणाऱ्याला खांबांमधले मीटर मोजावे लागतात. दोघांचाही समुद्र खरा आहे, पण एकाची किंमत ब्रोशरवर छापली जाते आणि दुसऱ्याला आपली सिद्ध करायला काम बंद पाडावं लागतं.

म्हणून पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नावर येते. बिल्डर विकतो काय? तो विकतो इतरांचं बुटकेपण आणि सगळ्यांचं रिकामेपण. विकू नये असं मी म्हणत नाही. मामीचा संडास त्यातून आला आहे आणि त्यापुढे माझी सौंदर्यदृष्टी गप्प बसते. पण जे सगळ्यांचं आहे ते विकल्यावर सगळ्यांना काहीतरी परत द्यावं लागतं, हा साधा व्यवहार आहे. टॉवर आणि पाणी यांच्यामध्ये चालायला वाट, बसायला कट्टा, होडीला रस्ता, आणि पुनर्वसनाच्या इमारतीलाही पश्चिमेकडे एखादी खिडकी. यातलं काहीच उपकार म्हणून मागायचं नाही.

तुमच्या शहरात समुद्र नसेल. नदी असेल, तळं असेल, टेकडी असेल. तिच्यासमोर नवा टॉवर उठत असेल तर त्याचे मजले मोजू नका. खाली उभं राहून विचारा : इथून मला काय दिसतंय, आणि काल काय दिसत होतं?